कुल्फीच्या हंडीतली गाठ

...तर कोंडाजी कुल्फीची हंडी उराशी धरून परसात उभा, मी कुदळीने खड्डा खणतोय आणि बांधावरून आवडी पदर खोचून पळत येतेय, इथवर काल आलो होतो. मध्येच चहा आला आणि राहून गेलं.

काल जे नव्हते त्यांना सांगतो. हंडीत कुल्फी नव्हती. कोंडाजीची बायको मोतीबाई, तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ त्याच सकाळी कर्जतच्या एका दवाखान्यात काढली होती. गाठ बर्फात ठेवा, मी येऊन घेऊन जाते, असा आवडीचा निरोप होता. म्हणून स्टेशनाबाहेरच्या कुल्फीवाल्या गजाकडून मीच हंडी मागून आणली, बर्फ-मिठासकट. डॉक्टरांनी ती कोंडाजीच्या हातात दिली आणि हा गडी सरळ दहिवलीला घरी घेऊन आला! आवडी दवाखान्यात पोचली तर हंडी गायब, तशी ती मागोमाग धावत आली.

आवडी म्हणजे रेल्वेतल्या आमच्या हिरामण गँगमनची पोरगी. छप्पन साली त्यांच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा ती चौथीत होती. एकदा गुरुजींना म्हणाली, "कोंबड्याला तुरा मोठा, कोंबडीला लहान, हे अंगाला सांगतं कोण?" गुरुजी म्हणाले, खाली बस. बसली, पण प्रश्न काही बसला नाही. तो विचारत विचारत पोरगी परळच्या प्रयोगशाळेत पोचली. ही गोष्ट ऐंशी सालची. तेव्हा ती बायकांच्या छातीच्या कॅन्सरवर संशोधन करत होती.

"काका, थांबा! काय करताय हे?"

"पुरतोय. बाळंतिणीची वार पुरतात, तसंच. अंगातला तुकडा हाय तो, कुत्र्यामांजरांच्या तोंडी जाऊ द्यायचा?"

"कुत्र्यांच्या कशाला? माझ्या हाती द्या."

"तू बरणीत घालून लोकांना दाखवणार!"

"नाय दाखवत. वाटून पार पाणी करणार त्याचं."

"ऐकलंस?" कोंडाजी माझ्याकडे वळला. "माझ्या बायकोची चटणी करतेय ही!"

मला हसू फुटलं, आवडीलाही. कोंडाजी मात्र हसला नाही. हंडीच्या बुडातून पाणी ठिबकायला लागलं होतं. ते बघून आवडीचंही हसू गेलं.

"काका, बाईच्या अंगात एक रस तयार होतो. इस्ट्रोजेन म्हणतात त्याला. तो रक्तातून सगळीकडे फिरतो, पण हुकूम सगळीकडे चालत नाय त्याचा. राजनाल्याचं पाणी पाटातून सगळ्यांच्या शेताजवळून जातं ना? पण भरतं कोणाचं शेत?"

"ज्याच्या बांधाला तोंड फोडलंय त्याचं."

"तसंच. काही गाठींना असं तोंड असतं. रस आत शिरतो आणि गाठीला सांगतो, वाढ. आता एक गोळी निघालीय, ती त्या तोंडात जाऊन बसते. मग रसाला शिरायला जागाच उरत नाय."

मी कुदळ टाकून तिथेच बसलो. असलं ऐकायला मिळाल्यावर खणतोय कोण?

"मग दे की गोळी," कोंडाजी म्हणाला. "गाठ कशाला पायजे?"

"काकीच्या गाठीला तोंड हाय का नाय, तेच बघायचंय. नसेल तर गोळ्या फुकट, दुसरा इलाज धरावा लागेल. आणि गाठ गरम झाली की तोंड मोडून जातं. मग मलाच काय, कोणालाच सांगता येणार नाय."

"माझी बायको बरी होईल यानं?"

मला वाटलं, हो म्हणेल. म्हणायला काय जात होतं तिचं? पण ती म्हणाली, "ते नाय सांगता येत, काका. कुठल्या इलाजानं सुरुवात करायची, एवढंच कळेल."

कोंडाजीने हंडी तिच्यापुढे धरली. मग म्हणाला, "थोडं तरी ठेव. मोकळ्या खड्ड्यावर माती कशी लोटू?"

आवडीने पिशवीतून चिमटा आणि पातं काढलं. हंडी उघडून वालाच्या दाण्याएवढा तुकडा केळीच्या पानावर काढून दिला. कोंडाजीने तो पुरला, वर दगड ठेवला. तोवर आवडी हंडी घेऊन स्टेशनच्या वाटेला लागलीसुद्धा. गजाला हंडी नवी घेऊन द्यावी लागली. जुनी परत घ्यायला तो तयारच होईना!

पुढे मोतीबाई घरी आली. एका रविवारी ती ओट्यावर वाल सोलत होती आणि मी आयता बसलो होतो, तेव्हा आवडी आली. कोंडाजी उठून उभाच राहिला. आवडी म्हणाली, गाठीला तोंड आहे, गोळ्या सुरू करायच्या. कोंडाजीने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि मागल्या दारी निघून गेला.

मोतीबाई मात्र बेरकी. सोलता सोलता म्हणाली, "मग तुजं काम झालं म्हण की गं. आता काय शोधणार?"

आवडी तिच्याशेजारी बसली, मूठभर वाल स्वतःपुढे ओढले आणि म्हणाली, "काकी, तोंड असूनपण काही बायकांना गोळी लागू पडत नाय, आणि का ते अजून मला कळलेलं नाय; तू गोळ्या चुकवू नको, आन् अंगात जरा जरी काय वेगळं वाटलं तरी आदी मला सांग."