तिकडचा चंद्र

राजूरच्या गणपतीच्या पायथ्याशी आमची गल्ली. तिथली झुंबरबाई हट्टी म्हणून गावभर नावाजलेली. नवरा केव्हाच गेलेला. एकुलत्या एका लेकासाठी, धर्मराजसाठी, ती दर संकष्टीला उपास धरायची. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून चंद्र बघायचं काम लेकाचं. तो माळवदावर चढून ओरडायचा, "आई, निघाला गं!" मगच ती ताटावर बसायची.

चंद्र बघता बघता पोरगा आकाशाच्याच नादी लागला. औरंगाबादच्या कॉलेजात शिकवू लागला, तरी चतुर्थीला घरी हजर. मग विलायतेच्या एका विद्यापीठानं त्याला ग्रहतारे शिकवायला बोलावलं. गावानं हार घातले आणि पेढे खाऊन गाव मोकळं झालं. झुंबरबाईनं एवढंच विचारलं, "मंग मला चंद्र कोन सांगंल?"

"खैरुनबी चाची सांगंल. तीन वर्सांनी येतोच की मी."

खैरुनबी शेजारीण. ईदचा चंद्र गल्लीत सगळ्यांच्या आधी तिलाच दिसायचा. पहिल्याच संकष्टीला तिनं आपल्या माळवदावरून हाक दिली, "झुंबरबाई, चांद निकल्या! अब खा लेव."

झुंबरबाई जागची हलली नाही. "ज्याच्यासाठी उपास, त्याला कुठं दिसलाय अजून?"

दुपारीच ती रामराव मास्तरांना विचारून आली होती. आपल्याकडं चंद्र निघतो तेव्हा तिकडं अजून दुपार असते, तिकडं निघेस्तोवर आपल्याकडं पहाट होते, असं मास्तरांनी समजावलं होतं. झालं! मास्तरांना गप्प राहवलं नाही आणि म्हातारीच्या पोटाला पहाटेपर्यंतचा उपास लागला.

गाव त्याला विलायती उपास म्हणून हसायचं. खैरुनबी हसली नाही. पहाटे नमाजाला उठली की ती भिंतीवरून सांगायची, "अब उधर निकल्या होंगा." मग झुंबरबाई गार झालेलं ताट पुढं ओढायची. त्या अंधाऱ्या घरात तिच्या जेवणाला सोबत दुसरं कुणी नसायचं.

तीन वर्षं सरली. तेवढ्यात तिकडं लढाई पेटली, बोटी थांबल्या. लढाई संपल्यावर धर्मराज आला, तोही चार दिवसांसाठी, नेमका संकष्टीला. पिकल्या केसांनी माळवदावर चढला आणि ओरडला, "आई, निघाला गं!"

म्हातारीनं हसत पहिला घास घेतला. "आता न्हाई ना जायाचं?"

धर्मराज ताटाकडं बघत म्हणाला, "आई, तिकडंच घर केलंय मी. बायको हाय, लेकरं हायेत."

झुंबरबाईनं ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले. चार दिवसांनी लेक गेला.

पुढच्या संकष्टीला खैरुनबी माळवदावर वाळलेले कपडे काढत होती. खालून आवाज आला, "खैरुनबी, निघाला का?"

"इधर का निकल्या. उधर का अभी देर है."

"इकडचाच सांग," झुंबरबाई म्हणाली आणि ताटावर बसली.

गाव म्हणालं, म्हातारी आली एकदाची ताळ्यावर. पहाटे खैरुनबी सवयीनं भिंतीशी आली. पलीकडं हाक ऐकायला कुणी जागं नव्हतं. ती तिथंच बसून रडली.