सुहासचे कान गाण्यांनी गेले नाहीत

विट्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा सुहासच्या कानात वायर होती. माझ्या थोरल्या भावाचा हा मुलगा, नुकताच आयटीआय झालेला. मी त्याला बोईसरला आमच्या कारखान्यात लावायला घेऊन चाललो होतो. वहिनींनी खिडकीतून भाकरीचं गाठोडं वर दिलं आणि त्याच्या कानातली वायर ओढून काढली. "आता तरी काढ ते. आई बोलतीया." मग मला म्हणाल्या, "भावजी, तुमच्या वटीत घातलाय ह्याला. तुमी सांगाल तसं करंल." त्याने खरोखर तसंच केलं, मी सांगितलं तसं. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

हे गावाकडच्या सगळ्यांसाठी आहे, आणि माझ्यामागून बोईसरला येऊन इथेच खोल्या घेऊन राहिलेल्या आपल्या माणसांसाठीही. इतकी वर्षं तुम्ही म्हणत आलात की सुहास त्या किंचाळणाऱ्या इंग्रजी गाण्यांनी बहिरा झाला. जत्रेला आलेल्या पोराटोरांना त्याच्याकडे बोट दाखवून तुम्ही हे सांगता. तुम्हाला ते माझ्याकडून कळलं होतं, आणि ते खोटं आहे.

बोईसरजवळच्या पाम गावात आम्ही एका वाडीत भाड्याने राहत होतो. गावी संध्याकाळ म्हणजे देवळापुढच्या कट्ट्यावर उजेड जाईपर्यंतच्या गप्पा. इथे संध्याकाळ शिफ्टवर ठरायची. सेकंड शिफ्टला असलो की आठवडाभर संध्याकाळ दिसायचीच नाही. फर्स्ट शिफ्ट असली की कंपनीच्या बसमधून उतरून चहा व्हायचा, आणि मग सुहास भिंतीला टेकून मोबाइल काढायचा. त्यातलं मेमरी कार्ड त्याला शिलाँगकडच्या एका कामगाराने भरून दिलं होतं. सगळी गाणी हेवी मेटलची. हा शब्दही मला त्याच्याकडूनच कळला. आमच्या खात्यात हेवी मेटल म्हणजे पत्र्याची गुंडाळी.

आवाज तो बारीक ठेवायचा. घरमालकीण एकदा दारात येऊन म्हणाली, "तुमचा पोरगा बरा हाय ना वो? गाना तर आयकू येत नाय, नि भिंत बडवते माजी." तो बोटांनी ताल धरायचा, त्याबद्दल ही तक्रार.

एक वायर तो माझ्या कानात घालायचा. मला आधी नुसता गोंगाट वाटला. पण त्याला पूर्ण गाणं ऐकवायचंच नसायचं. प्रत्येक गाण्यातली एखादी जागा त्याने हेरून ठेवलेली असायची आणि तेवढ्यासाठी तो मला बसवायचा. "नाना, थांबा. आता येतंय बघा." एका गाण्यात सगळी वाद्यं भरधाव चाललेली असतात आणि मध्येच एकदम गप्प होतात. क्षणभर काहीच नाही. जिना उतरताना एखादी पायरी नसावी तसं वाटतं. मग सगळी एकाच ठोक्यावर परत येतात. दुसऱ्या एकात गिटारी तशाच धावत राहतात, पण ड्रम अचानक निम्म्या चालीवर येतो, आणि तेच सूर डोंगराएवढे जड होतात. त्याची सगळ्यात आवडती जागा मात्र अगदी लहान होती. गाणारा ओरडतो, थांबतो, आणि पुन्हा ओरडण्याआधी श्वास घेतो. "ह्यो श्वास ऐका. एवढ्या दंग्यात बी ऱ्हायलाय." मी पुन्हा लावायला सांगायचो. गावच्या आमच्या भजनी मंडळात इतक्या बारकाईने ऐकणारा एकही नव्हता, पण हे मी गावी कधी बोललो नाही.

आमचं खातं पॉवर प्रेसचं. पत्र्यातून वायसर आणि ब्रॅकेट कापून काढायचे. कापणारा जो साचा असतो त्याला डाय म्हणतात. डायला चीर जायला लागली की डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतं, धप्प आवाजात किंचित चरचर मिसळते. तेव्हाच प्रेस थांबवला तर डाय वाचते, नाहीतर तुकडे. कानात घालायचे बोळे कंपनीने दिले होते, पण ते घालणारा आमच्याकडे कच्चा समजला जायचा. मला माझ्या फोरमनने शिकवलं तेच मी फोरमन झाल्यावर सगळ्यांना शिकवलं. बोळे माझ्या टेबलाच्या खणात पडून असत.

सुहास पहिल्या दिवशी आपणहून बोळे घालून उभा राहिला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काढ ते. प्रेस चालवायला आलायस, का कान झाकून झोपायला?" पोरं हसली. त्याने काढले.

काही दिवसांतच तो मला म्हणाला की कोपऱ्यातल्या प्रेसचा ठोका घोगरा येतोय. मला काही जाणवलं नव्हतं. डाय उतरवून पाहिली तर केसाएवढी चीर. इतके प्रेस एकत्र दणकत असताना त्याला त्यातला एक वेगळा काढता येत होता. ते कान त्या गाण्यांनीच तयार केले होते. मी अभिमानाने त्याला सगळ्यात मोठ्या प्रेसवर घातलं, आणि पुढची वर्षं तिथेच ठेवलं. तो कधीमधी म्हणायचा, "नाना, घरी गेल्यावर बी शिट्टी वाजत ऱ्हाती कानात." मी म्हणायचो, होतं तसं, सवय होईल. माझ्याही कानात वाजायची.

मग तो हाक मारल्यावर वळेनासा झाला. बोईसरच्या डॉक्टरांकडे नेलं तोवर पुष्कळ उशीर झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, कामावर आवाज असतो का? मी म्हणालो, असतो, पण आम्ही सगळ्यांना बोळे देतो. आणि त्यांनी पुढे काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "हा कानात गाणी घालून असतो हो दिवसभर. ती किंचाळणारी." डॉक्टरांनी मान हलवली. सुहास माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याला यातलं काही ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर मी त्याला कागदावर लिहून दिलं, गाण्यांमुळे.

मला नोकरीची भीती वाटली, हे खरं आहे. पण त्याहून जास्त भीती वहिनींची वाटली. त्यांनी वटीत घातलेलं पोर मी बहिरं करून परत कसं द्यायचं? त्यांना मी फोनवर तेच सांगितलं. त्या रडल्या, आणि मरेपर्यंत त्या वायरीला शिव्या देत राहिल्या. सुहासने कधी कुणाला दोष दिला नाही. गाण्यांचं ते कार्ड त्याने स्वतःच दाताखाली धरून मोडलं. कंपनीने त्याला पॅकिंगमध्ये टाकलं. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ओठ वाचायला तो आपला आपण शिकला.

आता ती मुलगी, रुचा, नववीत आहे. तिला गिटार शिकायची आहे. सुहास नाही म्हणाला. गावाहून दादांचा, म्हणजे सुहासच्या वडिलांचा, फोन आला, पोरीला बापाच्या वळणावर जाऊ देऊ नका. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा ना पप्पांना. तुमचं ते ऐकतात."

त्या रविवारी मी त्याला चिंचणीच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे उजेड चांगला असतो, ओठ नीट दिसतात. मी सगळं सांगितलं. त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "म्हंजे गाणी न्हवती?"

"नव्हती."

"मी उगं त्या गाण्यांनाच चोर ठरवलं, नाना." स्वतःचा आवाज त्याला कळत नाही, त्यामुळे हे तो फार मोठ्याने बोलला. भेळेच्या गाडीवरची माणसं वळून पाहू लागली. तो उठला आणि एकटाच रिक्षा स्टँडकडे निघून गेला.

रुचाला पालघरला क्लास लावला आहे, तोच सोडायला जातो. ती मोबाइलवर त्याची जुनी गाणी शोधून काढते. त्याला ऐकू येत नाही, तरी कुठे काय येणार हे तो तिला आधी सांगतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं, असं ती म्हणते. मला हे तीच सांगते. दादा, तुम्ही तिला यापुढे काही बोलू नका. बोलायचं असेल ते मला बोला.

तुम्ही विचारता, रिटायर झालात, आता गावी का येत नाही. गावात माझं घर आहे, कट्ट्यावर बसायला जागा आहे, ती कदाचित हे वाचल्यावर राहणार नाही. पण मी येत नाही ते त्यासाठी नव्हे. इथे आमच्या खोल्या शेजारीशेजारी आहेत आणि पुढे एकच ओटा आहे. संध्याकाळी सगळे बाहेर बसतात. सुहास पूर्वी माझ्या समोर बसायचा, बोलणं दिसावं म्हणून. हल्ली तो माझ्याकडे पाठ करून बसतो. माझं ऐकायचं नसेल तर त्याला एवढंच करावं लागतं. मी माझी खुर्ची हलवून त्याच्या पुढ्यात नेत नाही, तो त्याचा हक्क आहे. पण घर म्हणाल तर आता ही ओट्यावरची खुर्चीच. तो कधी वळला, तर मी तिथे असायला हवं.