खडूनं आखलेली मशीन

फोन मलकापूरच्या आमच्या कचेरीत आला, तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होतो. दादा एवढंच बोलला, "गजा, सिंधू गेली. ये तू." मी बरं म्हणालो, फोन ठेवला, आणि का कोण जाणे, जागेवर येऊन डबा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. पाणी प्यालो. मग साहेबांना सांगून एसटी गाठली. राजूरच्या घाटात गाडीनं गिअर बदलला, वर बुलढाण्याची गार हवा तोंडावर आली, तेव्हा कुठे कळलं, की आता त्या घरात "या भाऊजी, आज सूर्य कुकडे उगवला?" असं कोणी म्हणणार नाही... शेजारच्या बाईनं काही न विचारता स्वतःजवळचा रुमाल पुढे केला.

महिना होऊन गेला. भेटायला येणारी माणसं सांगतात, सिंधूवहिनी फार हिमतीची होती. होतीच. पण ती हिंमत मी जितक्या जवळून पाहिली तितकी दादानंही पाहिलेली नाही, आणि ती दाखवायची पाळी तिच्यावर आली ती माझ्यामुळे. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितली नाही. ती गाळून तिच्याविषयी चार शब्द लिहायला बसलो, तर दोनदा कागद फाडावा लागला.

वहिनी देऊळघाटची. माहेरी भाजीचा मळा, घरात बोलणारी माणसं भरपूर, त्यामुळे तोंड फटकळ. दादाचा बुलढाण्यात टायपिंगचा क्लास होता; पुढच्या खोलीत मशिनी, मागच्या खोलीत संसार, आणि मधल्या बोळकांडीत माझी वळकटी. मी त्यांच्याकडे राहून एका कचेरीत उमेदवारी करत होतो. महाराष्ट्र नवीन झाला होता. सरकारी कागद आता मराठीत निघणार, मराठी टाईप येणाऱ्याला नोकरी आहे, असं जो तो बोलायचा. दादाकडे इंग्रजी मशिनी होत्या, मराठी मात्र एकच, अकोल्याच्या लिलावातून आणलेली, आधीच कुठल्या तरी कचेरीत राबून दमलेली. तिच्यावर वहिनी शिकली. दुपारी भांडी झाली, की पदर खोचून बसायची आणि खाडखाड सुरू. मॅट्रिक झालेली होतीच. तिनं सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसायचं ठरवलं आणि घरात वादळ झालं.

आमचे बाबा सुलतानपूरला राहायचे. घरची शेती, मोठं खटलं, आणि थोरली सून शहरात मशीन बडवते हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी दादानं फार गळ घातली तेव्हा ते म्हणाले, "एक डाव बसू दे तिले. पास झाली तं तुमचं खरं. नाही झाली तं तिनं गावाले यायचं, वावराकडे पाह्यचं. मंग मशीनचं नाव काढायचं नाही." वहिनी दाराआडून म्हणाली, "मामाजी, मंजूर हाये." एक डाव म्हणजे एकच डाव. बाबांचा शब्द फिरत नसे.

त्या वर्षी दसऱ्याला दादा-वहिनी सुलतानपूरला गेले आणि क्लासची पूजा माझ्यावर सोपवून गेले. आमच्याकडे दसऱ्याला औतफाटा, विळे-कुऱ्हाडी, सगळं धुऊन पुसून, तेल देऊन पूजतात. मी मशिनींना तसंच पूजलं. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली. मग वाटलं, मराठी मशीन वहिनीची, तिला परीक्षेला बसायचं आहे, तिचं जरा अधिक करावं. स्वयंपाकघरात करडीचं तेल होतं. वाटीत घेतलं आणि जिथं जिथं फट दिसली तिथं सढळ हातानं सोडलं. दुसऱ्या दिवशी मशीन लोण्यासारखी चालली. वहिनी परत आल्यावर म्हणाली, "भाऊजी, हिले काय झालं? नवी नवरी झाली!" मी नुसता हसलो. पूजेचा गुण, म्हणालो.

करडीचं तेल दिव्याच्या बुडाशी कसं चिकट, पिवळं होऊन वाळतं हे घरात रोज दिसत होतं. पण मशीनच्या पोटातही तसंच होईल, हे डोक्यात आलं नाही. दिवाळी झाली आणि एकेक अक्षर जड होऊ लागलं. दाबलं की वर जायचं आणि तिथंच चिकटून राहायचं. बोटानं खाली ओढावं लागायचं. आठवडाभरात मशीन जाम. परीक्षा तोंडावर. दुरुस्ती करणारा अकोल्याचा माणूस वर्षातून ठरल्या वेळीच फिरायचा, त्याला निरोप धाडला तर तो लग्नाला खानदेशात गेलेला. दादाला टाईप उत्तम यायचं, पण मशीन उघडायचं म्हटलं की तो हात मागे घ्यायचा. त्यातच बाबा आले. त्यांनी एक अक्षर दाबून पाहिलं, ते वर जाऊन अडकलं, आणि ते म्हणाले, "बाईच्या हातची मशीन. हाणून हाणून मोडली. मी म्हनलं नव्हतं?"

मी तिथंच उभा होतो. हातात त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या. एक वाक्य बोलायचं होतं, तेल मी टाकलं. तेवढंच. बाबांनी तांब्या घेतला, पाणी प्याले, तांब्या परत दिला... मी तो घेऊन आत गेलो.

दादा कापसाच्या वेचणीसाठी बाबांबरोबर गावी गेला. त्यांची एसटी सुटली असेल-नसेल, वहिनी म्हणाली, "भाऊजी, आज कचेरीले दांडी मारा. दार लोटून घ्या. खोलू आपण हिले." मी म्हणालो, "वहिनी, परत जोडता नाही आलं तर?" ती म्हणाली, "जुडलेली असून तरी कोणत्या कामाची हाये? पेचकस आना."

पुढचं जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढे जसंच्या तसं आहे. तिनं खिडकीखालची जमीन पुसून घेतली, फळ्याचा खडू घेतला, आणि रांगोळीचे ठिपके मांडावेत तसे ठिपके मांडत मशीनचं चित्र जमिनीवर काढलं. वरून दिसते तशी एक, पुढून दिसते तशी एक, आणि दोन्ही बाजूंच्या दोन. चांगल्या पलंगाएवढी जागा व्यापली. मशीनचा जो भाग निघेल, तो चित्रात त्याच्या जागेवर ठेवायचा. त्याचा स्क्रू त्याच्याच शेजारच्या ठिपक्यावर. मला तिनं एकच काम दिलं होतं, चित्रावर पाय पडू द्यायचा नाही. वरचं झाकण निघालं. रोलर असलेला सरकता भाग निघाला. मग एकेक अक्षराची बारीक पोलादी दांडी ती सोडवत गेली आणि जमिनीवर त्यांची कमान मांडत गेली. क, ख, ग, काना, मात्रा, रफार... दुपारचं ऊन खिडकीतून आलं, तेव्हा टेबलावर मशीनचा नुसता सांगाडा उरला होता, आरपार दिसणारा, आणि जमिनीवर सगळी मराठी भाषा सुटी होऊन पडली होती. वहिनी मागे सरकली, कंबरेवर हात ठेवून पाहत राहिली. हळूच म्हणाली, "भाऊजी, कायदे, कोर्ट, लग्नाच्या पत्रिका... सारं एवढ्यातच?" मला देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा शिरल्यावर होतं तसं झालं होतं. एक बाई, जिनं आयुष्यात शिवणयंत्रसुद्धा उघडलेलं नव्हतं, तिनं आपला एकुलता एक डाव जमिनीवर मोकळा मांडला होता.

परातीत मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, ओतलं. कडुनिंबाच्या काडीचं टोक चावून तिनं कुंचला केला आणि एकेक दांडी घासायला घेतली. पिवळा चिकटा सुटू लागला. त्यात एक तांदूळ निघाला, हळदीनं पिवळा. तिनं तो नखावर घेतला. मग चिकटा बोटावर घेऊन नाकाशी नेला. "करडी," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं की परातीकडे, मला सांगता येणार नाही, कारण मी खाली पाहत होतो. ती म्हणाली, "मशीनबी पंगतीत जेवून आली वाटते." आणि पुन्हा घासायला लागली. मी हसलो. हसलो, हे लिहिताना आजही हात अडतो.

जोडणं काही सरळ झालं नाही. एक स्प्रिंग उडून आढ्यात गेली, मी शिडीवर चढून वाशावरून हात फिरवतोय आणि खाली ही ओरडतेय, "मुडदा बसवला हिचा! डाव्या अंगाले पाहा, डाव्या!" सगळं जोडून झालं तर सरकता भाग सरकेना. पुन्हा उघडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडली. यावेळी सरकला, पण एक वायसर उरला. तो कुठला, हे खडूच्या चित्रातही सापडेना. वहिनीनं तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "हा बनवणाऱ्यानं चुकून जास्त टाकला असंन." खिडकीतून तिनं तो परसात भिरकावला. मग कागद चढवला, बसली, आणि खोली खाडखाड आवाजानं भरून गेली. मी त्या जमिनीवरची चित्रं पुसायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या दोन दिस. मामाजीले दाखवायची हायेत." बाबा काही तेवढ्यात आले नाहीत. शेजारणीच्या कोंबड्यांनी ती पुसून टाकली.

परीक्षा खामगावला होती आणि मशीन आपली आपण न्यावी लागे. ती एसटीच्या टपावर टाकायला वहिनी तयार होईना. खामगावपर्यंत मी ती मांडीवर घेऊन गेलो. पाय बधिर झाले. वहिनी पास झाली. चांगल्या मार्कांनी. तिला बुलढाण्यातच नोकरी लागली, तिनं ती अखेरपर्यंत केली, आणि सुलतानपूरला ती गेली ती फक्त सणासुदीला.

बाबांचा राग निवळला. इतका, की पुढे पाहुण्यांना ते स्वतःच सांगायचे, "आमच्या सुनेनं मशीन मोडलीबी अन् सुधारलीबी तिनंच!" लोक हसायचे. वहिनीही पदर तोंडाला लावून हसायची आणि चहा टाकायला उठायची. आधी मी भीतीनं बोललो नव्हतो. आता वाटायचं, एवढ्या रंगलेल्या गोष्टीत आपण कशाला... वर्षं अशीच गेली. बाबा गेले, तेव्हाही त्यांच्या लेखी मशीन वहिनीनंच मोडलेली होती. तिनं न केलेली चूक तिच्या नावावर, आणि ती मी तिथं ठेवलेली. ती आजारी पडली तेव्हा दवाखान्यात शेजारी बसून मी म्हणालो, "वहिनी, ती मशीन..." ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "मशीन बरी हाये. तुम्ही जेवले का?" मी जेवलो म्हणालो. ती आमची शेवटची भेट.

तेरवीनंतर पाहुणे पांगले आणि मी दादाला सांगितलं. पूजा, वाटी, तेल, तांब्या, सगळं. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत बसला. मग म्हणाला, "काऊन बे, बाबा होते तव्हा तोंड शिवलं होतं का तुहं?" तो पुढे म्हणाला, "ती मले नेहमी सांगे, गजा भाऊजी नसते तं मशीन जुडली नसती. दोन दिस पोटाले अन्न नाही, माह्यासंगं बसून होते म्हणे." तो कपाटाकडे पाहत म्हणाला, "एवढंच सांगे. दुसरं काही नाही."

मला अन्न गेलं नव्हतं हे खरं होतं. त्याचं कारण तिला माहीत होतं की नव्हतं, ते मला आता कळणार नाही.

दादा उठला, कपाटावरून मशीन उतरवली, तिच्यावरचं जुन्या पातळाचं आवरण काढलं आणि म्हणाला, "कोठं लिवून टाकाचं असंन तं हिच्यावरच लीव." म्हणून हा लेख मी तिच्या मशीनवर टाईप करतो आहे. अक्षरं अजून हलकी उठतात. एक ळ तेवढा ओळीत बसत नाही, बाकीच्यांच्या डोक्यावर थोडा वर उमटतो. जोडताना तिच्या हातून ती दांडी किंचित वाकली होती, आणि सरळ करायला गेलो तर मोडेल म्हणून तिनं ती तशीच ठेवली. कचेरीत तिला लोक त्यावरून चिडवायचे. ती म्हणायची, माझं अक्षर हाये, तुमच्या पोटात काऊन दुखते? छापताना तो ळ सगळ्यांच्या रांगेत बसेल, वाचणाऱ्याला काही दिसणार नाही. माझ्यासमोरच्या कागदावर मात्र आता देऊळघाट लिहिलं, आणि तो वर उभा आहे.