मामांचा शेवटचा करार

माझ्या बायकोचे मामा जन्माला आले तेही काही अटी घालूनच आले असावेत. उरणजवळच्या एका कंटेनर गोदामात ते कामगार युनियनचे सेक्रेटरी होते, पण युनियन अंगात इतकी भिनलेली की घरात, लग्नात, दवाखान्यात, कुठेही त्यांना दोन बाजू दिसायच्या आणि मध्ये एक टेबल. आमच्या लग्नात मानपानावरून वऱ्हाड रुसलं, तेव्हा मुलीकडचे असूनही त्यांनी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एका खोलीत बसवलं आणि तासाभराने बाहेर येऊन जाहीर केलं, "तोडगा निघाला. दोघंबी नाराज हायेत, म्हंजे बरोबर निघाला!" डॉक्टरांनी खारट बंद केलं, तर सुक्या बोंबलाची चटणी वगळून बाकीचं मान्य करून आले. मालकांशी बोलणी असली की एक अशक्य मागणी ते मुद्दाम घुसडत. एकदा त्यांनी गोदामात पोहण्याचा तलाव मागितला होता. मी हसलो तर म्हणाले, "जावयबापू, सोडायला कायतरी लागतं. त्यांनाबी जिंकल्यासारखं वाटाया पायजे ना?" तलाव सोडला आणि कॅन्टीनमध्ये मासळी सुरू करून घेतली.

मग गोदामात नवी यंत्रं आली आणि निम्मी माणसं जादा ठरली. या खेपेला सोडण्यासारखं मामांकडे काहीच नव्हतं. बैठका झाल्या, लेबर ऑफिसात तारखा पडल्या. कपात टळत नाही हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं, तरी रोज सकाळी ते गेटवर हसऱ्या चेहऱ्याने उभे असत. शेवटी मालकांनी दोन पर्याय ठेवले: एक तर भरपाईची मोठी रक्कम, नाहीतर त्याहून कमी रक्कम आणि पुढची काही वर्षं घरच्यांच्या औषधपाण्याचा विमा. मामांनी विम्याचा आग्रह धरला. गेटसभेत त्यांच्या शब्दाखातर हात वर झाले, पण मनं खट्टू झाली. मिठागरावर त्यांच्याबरोबर लहानाचा मोठा झालेला हिराजी, त्यांचा जिवलग, सगळ्यांदेखत ओरडला, "आमच्या हातातला पैसा घालवलास! तू इकला गेलास!" मामांची स्वतःची नोकरीही त्याच कपातीत गेली होती; पण ती ढाल त्यांनी पुढे केली नाही.

त्यानंतर त्यांच्या ओट्यावर कुणी फिरकेना. ते मात्र रोज इस्त्रीचा शर्ट घालून तिथे बसत. "कुनाचं काय अडलं तर?" म्हणत. कुणी येत नसे.

वर्षभरात हिराजीच्या बायकोला कॅन्सर निघाला. मामा अधूनमधून तिच्या हॉस्पिटलात जात, विम्याच्या खिडकीशी भांडून अडलेली मंजुरी मिळवत आणि वर वॉर्डात न जाता परत येत. वर हिराजी असे. एवढं करून ती वाचली नाही.

तेराव्यानंतर एका दुपारी हिराजी ओट्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मी तिथेच होतो. त्याने चपला काढल्या. मग म्हणाला, "शेवटी तिला दुखू दिलं न्हाय रं डॉक्टरांनी."

थोडं सरकून मामांनी शेजारी जागा केली.

"जेवलास?" त्यांनी विचारलं.

हिराजीने नाही म्हणून मान हलवली. मामींनी दोन पानं वाढली. हिराजी माशाला हात न लावता नुसता भात चिवडत राहिला. मामांनी त्याचं ताट जवळ ओढलं आणि मान खाली घालून त्याच्या माशातले काटे एकेक करून काढायला लागले.