औषधाला ऐकू जातं

लहान मुलं खोटं बोलत नाहीत, असं म्हणणाऱ्यानं आमच्या वॉर्डात एक दिवस बसून बघावं. मी नर्स आहे, मला ठाऊक आहे.

धाराशिवच्या ज्या दवाखान्यात मी काम करते, तिथं एका नव्या अँटिबायोटिक सिरपची चाचणी चालली होती. मोठ्यांवर तपासून झालं होतं. आता आईबापांच्या संमतीनं मोजक्या मुलांना देऊन ते पोटात टिकतं का, रक्तात किती उतरतं, हे बघायचं होतं. शिवाय चव विचारायची. त्यासाठी कागदावर पाच तोंडं छापलेली, खदखदून हसणाऱ्यापासून भोकाड पसरलेल्यापर्यंत. मुलानं बोट ठेवायचं. रडक्या तोंडावर ठेवलं तर औषधावर गुळाचा खडा द्यायला परवानगी होती. हसऱ्यावर ठेवलं तर गूळ नाही.

तेर गावची सहा वर्षांची एक मुलगी लघवीच्या जंतुसंसर्गानं दाखल झाली होती. सुईतून औषध देऊन ताप उतरला होता. आता सिरप टिकलं की हातातली सुई निघणार होती. त्या सुईला ती इतकी वैतागली होती, की "ह्यो हात माझा न्हाय" म्हणून तो उशीखाली सारून ठेवायची.

सकाळचा पहिला डोस तिनं ओकला. दुसराही ओकला असता तर सिरप बंद आणि सुई कायम. डोळे पुसत तिनं बोट ठेवलं ते थेट खदखदणाऱ्या तोंडावर.

"अगं, खरं सांग," मी म्हटलं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली आणि तिला पुन्हा उबळ आली.

तिची आई शांतपणे म्हणाली, "आमच्यात औषधाला नावं ठिवत न्हायती, सिस्टर. नावं ठिवली की गुण येत न्हाय."

मला रागच आला. असल्या समजुतीपायी लेकराचा गूळ अडला होता.

संध्याकाळच्या डोसआधी मी आईला चहाला पाठवलं. "आता सांग, आई नाही इथं."

मुलीनं डोळ्यांनीच बाटली दाखवली. "त्याला ऐकू जातंय."

मी बाटली टॉवेलात गुंडाळली, बाहेरच्या टेबलावर ठेवली, येऊन दार लावलं. तेव्हा कुठं तिनं भोकाड पसरलेल्या तोंडावर बोट असं दाबलं, की कागदाला खळी पडली.

"लई घाण हाय," ती कुजबुजली. "आता त्याला जाऊन सांगा, ग्वाड हाय म्हनून."

मी गेले. टॉवेल बाजूला करून बाटलीला म्हटलं, "लई ग्वाड आहेस बाबा." मागं डॉक्टर उभे होते. त्यांनी काहीही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

गुळाबरोबर तो डोस टिकला. पुढचेही टिकले. सुई काढली तेव्हा तिनं आपला हात उलटासुलटा करून नीट बघितला, ओळख पटवल्यासारखा. मग मला खाली वाकायला लावून कानात म्हणाली, "बघा सिस्टर, त्यानं राग न्हाय धरला."

"न्हाय धरला," मी म्हटलं. तेही हळूच, कारण बाटली समोरच होती.