न लागलेला कौल

देवाने माझ्यासाठी काही केलं, असं म्हणताना अजूनही माझी जीभ अडखळते. काहीच केलं नाही असं म्हणावं, तर तेही खोटं वाटतं. म्हणून जे घडलं ते जसं घडलं तसं लिहून ठेवतो आहे. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता, आणि आज केस पांढरे झाले तरी नीटसा लागलेला नाही.

माझं गाव भाजे. घरची भातशेती होती, पण मला कुणी कधी विळा हातात धरू दिला नाही. माझं रक्त थांबत नसे. लहानपणी साधी ठेच लागली तरी घरात सगळे गप्प होत. अंगठ्यावर हळद दाबून आई माझा पाय मांडीवर घेऊन बसे, कधीकधी दोन-दोन दिवस. नुसता मुका मार बसला तर बाहेर काही दिसत नसे, पण गुडघा आतून भरून येई, टणक होई, आणि महिना महिना पाय जमिनीला टेकवता येत नसे. माझा मामा याच दुखण्याने गेला होता. एका फिरत्या वैदूने त्याची दाढ उपटली आणि पाचव्या दिवशी घरातून त्याची तिरडी निघाली. तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. ऐन नागपंचमीला मामाने बांधावरचा साप कुदळीने मारला होता, त्याचा हा कोप, असं आई सांगे आणि सगळा गावही तेच म्हणे. मामाचं पाप भाच्याच्या रक्तात उतरलं, हे मी कळायला लागल्यापासून धरून चाललो होतो. गावाबाहेर नागोबाचं ठाणं आहे. तिथे उभा राहून मी गावात असलो की रोज मामाच्या वतीने माफी मागत असे. इतकी वर्षं मागूनही ती मिळत कशी नाही, हा प्रश्न मनात येई, आणि तो आला म्हणून पुन्हा वेगळी माफी मागावी लागे.

शेत जमणार नव्हतं म्हणून मला शिकवलं. शिकलो म्हणून लोणावळ्याच्या स्टेशनात पार्सल बाबूची नोकरी लागली. बसून करायचं काम, विळा नाही की कोयता नाही, म्हणून आईने सुटकेचा श्वास टाकला. पण त्या कचेरीत महिन्यातून एकदोनदा एक लाकडी पेटी येई, आणि तिच्यात जिवंत घोणशी असत. पेटी आणणारा धाकू आबा डोंगरावरच्या ठाकरवाडीतला. वाळलेल्या अंगाचा, फार कमी बोलणारा म्हातारा. भाताच्या खाचरांतून घोणशी धरून तो मुंबईच्या एका संस्थेला पाठवी. तिथे त्यांचं विष काढून सर्पदंशावरचं औषध करतात, एवढंच मला ठाऊक होतं. पेटीतून लोहाराच्या भात्यासारखी फुसफुस ऐकू येई. मी लांबूनच पावती फाडी आणि हमालाला हाक मारी. पेटीला हात लावायची माझी कधी छाती झाली नाही. ज्यांच्या कोपाने आपण असे झालो, तेच आपल्या टेबलाशी येऊन बसतात, यात देवाचा काय हेतू असेल ते मला कळत नसे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. पावसाळा संपता संपता माझी डावी दाढ दुखायला लागली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. गाल सुजला, ताप येऊ लागला. लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिमटा हातात घेतला होता. तेवढ्यात मी मामाची हकिगत सांगितली, तसा त्यांनी तो परत ठेवून दिला. "ही दाढ राहिली तर पू पसरेल, आणि काढली तर तुमचं रक्त थांबणार नाही," ते म्हणाले. "मी हात लावत नाही. मला दोष देऊ नका." मी त्यांना दोष दिला नाही. फक्त घरी जायचं की कामावर, हे न सुचून दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो.

त्याच आठवड्यात धाकू आबाची पेटी आली. माझ्या अंगात ताप होता. पावती फाडली, पण पेटी गाडीत चढवायला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. वजनकाट्यामागे ती दोन दिवस तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मुंबईच्या गाडीतून एक डॉक्टरसाहेब उतरले आणि सरळ माझ्या कचेरीत आले. त्याच संस्थेतले होते. घोणशी पोहोचल्या नाहीत म्हणून स्वतः पाहायला आले होते. धाकू आबालाही निरोप गेला होता, तोही दाराशी येऊन उभा राहिला. पेटी सापडली, आतले जीव जिवंत निघाले, आणि आता आपली नोकरी गेली असं समजून मी मान खाली घालून उभा राहिलो.

साहेब बोलायला म्हणून वळले आणि माझ्याकडे पाहतच राहिले. सुजलेल्या गालाकडे, मग माझ्या वाकलेल्या गुडघ्याकडे. रागावण्याऐवजी त्यांनी विचारलं, "हा गुडघा लहानपणापासून असाच आहे? रक्त लवकर थांबत नाही का तुमचं?"

मी हो म्हणालो.

"आईच्या माहेरी कुणाला होतं असं? मामाला?"

मामाबद्दल मी एक अक्षरही बोललो नव्हतो. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. हा पिढीजात रोग आहे, आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला सहसा काही होत नाही. याला कायमचा उपाय नाही. पण घोणशीच्या विषाचा एक थेंब पुष्कळ पाण्यात मिसळून त्यात भिजवलेला बोळा जखमेवर दाबून धरला, तर तिथलं रक्त साखळतं. विलायतेत असे दात काढले आहेत.

दाराशी उभ्या असलेल्या धाकू आबाला ते पटलं नाही. "सायेब, घोणस चावल्याली मान्सं म्या बगितल्यात," तो म्हणाला. "त्यांच्या हिरड्यांतनं रगात येतं. आन् तुमी म्हंता थांबतं?"

"अंगात भिनलं तर तसंच होतं, आबा. वरून थेंबभर लावलं तर उलट होतं," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मी औषध घेऊन येईन आणि इथल्या डॉक्टरांशीही बोलेन. पण खात्री देत नाही. विचार करून कळवा."

विचार कसला करणार? माझ्या हातून चूक झाली नसती तर हा माणूस लोणावळ्यात उतरलाच नसता. मग ती चूक माझी, की कुणी माझ्या हातून करवून घेतलेली? आणि ज्या जिवाची आयुष्यभर माफी मागितली त्याचंच विष तोंडात घ्यायचं, ही शिक्षा म्हणायची की क्षमा? डोकं चालेना. रविवारी भाज्याला गेलो आणि आईला सगळं सांगितलं. फक्त रोग आईकडून येतो, एवढं गाळलं. तिच्या तोंडावर ते बोलायचं धाडस मला झालं नाही.

आई उठली, अंघोळ केली आणि मला घेऊन ठाण्यावर गेली. नागोबाला कौल लावायचा असं तिने ठरवलं होतं. दगडाच्या दोन बाजूंना दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर विष घ्यायचं, डावी पडली तर नाही. आम्ही बसून राहिलो. सकाळची दुपार झाली. उन्हाने कळ्या सुकल्या, पण दगडाला तशाच चिकटून राहिल्या. एकही पडली नाही. मी मनातल्या मनात विनवत होतो की हो तरी म्हण, नाही तरी म्हण, पण काही तरी म्हण. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. शेवटी आईने स्वतःच्या हाताने दोन्ही कळ्या काढल्या आणि पदराला बांधल्या.

"त्यो बोलत न्हाई," ती म्हणाली. "चल, आपुन जाऊ. म्या येते संगं."

ठरलेल्या दिवशी साहेब बर्फात ठेवलेली लहानशी बाटली घेऊन आले. दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी दाढ काढली. तोंड रक्ताने भरलं, आणि मामाचा शेवट असाच सुरू झाला असेल हे मला लख्ख कळलं. मग साहेबांनी विषाच्या पाण्यातला तो बोळा जागेवर दाबला. त्या क्षणी मी काही मागितलं नाही, देवाचं नावही आठवलं नाही. नुसता स्वाधीन झालो, कुणाच्या ते मात्र सांगता येणार नाही. तासाभराने रक्त कमी झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाझरू लागलं तेव्हा पुन्हा बोळा बदलला. पाचवा दिवस उजाडला तेव्हा जागा कोरडी होती. तो दिवस उगवताना आई माझ्या खाटेशी बसून होती आणि माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होती.

घरी परतल्यावर धाकू आबा बघायला आला. मी त्याच्या पाया पडायला वाकलो तसा तो घाईने मागे सरला. "मला कशापायी बाबूसायेब?" म्हणाला. "म्या तर साप धरनारा." दाराबाहेर बसून त्याने चहा घेतला आणि निघून गेला. आमच्या घरात त्याला आत बोलवायची रीत नव्हती. मीही ती त्या दिवशी मोडली नाही, याची टोचणी आजही आहे.

संध्याकाळी मी आईला म्हणालो, नागोबाने मामाला माफ केलं असावं. ती शांतपणे म्हणाली, "तुज्या मामानं कंदी साप मारला न्हाई."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माज्या आईचा भाऊ असाच गेला, मग माजा भाऊ. ह्ये आमच्या अंगातनं येतं, आमा बायकांना ठावं असतं, बोलत न्हाई कुनी. खरं सांगितलं असतं तर माज्या धाकल्या भनीला कोन करून घेतलं असतं? म्हून साप मारल्याचं म्याच सांगितलं."

ज्या रोगाचं मूळ तिला कळू नये म्हणून मी जपत होतो, ते ती माझ्या जन्माआधीपासून उराशी धरून होती. मला तिचा राग आला, कीव आली, आणि दोन्हींची लाज वाटली. "मग मी इतकी वर्षं माफी कशाची मागितली?" मी विचारलं. "पाप झालंच नव्हतं, तर ती गेली कुठं?"

आईने माझ्या सुजऱ्या गालावर हात ठेवला. "कुटं जाईल? वाया न्हाई जात लेका. कुनाच्या तरी उपेगी पडंल."

तो रोग काही गेला नाही. गुडघे तसेच आहेत, काठी आहे, कधी अंथरूण धरावं लागतं. कोप नव्हता, पाप नव्हतं, कौलही मिळाला नाही. तरी मी वाचलो. हे सारं एका सूत्रात ओवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आणि सोडून दिला. अजूनही ठाण्यावर जातो. आता माफी मागत नाही, काही विचारतही नाही. हात जोडतो, आणि समोरून उत्तर आलं नाही तरी थोडा वेळ तिथेच बसून राहतो.