लेकीसाठी चार घास

आमचे लॉर्ड स्केल्डन वाईट नव्हते. कुळाच्या घरी कोणी आजारी पडलं की डॉक्टरला आणायला स्वतःची गाडी पाठवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्याच बाकावर खुशाल घोरायचे. मी त्यांच्याकडे तीस वर्षं स्वयंपाकीण होते. तरीही सांगते, पायावर धोंडा पाडून घ्यावा तर त्यांनीच.

त्यांचा रॉडरिक एकवीस वर्षांचा झाला तेव्हा हिरवळीवर अख्खा बैल भाजला. कुळं बिअर पीत होती आणि आत बाप-लेक सही करायला बसले होते. बड्या घरांची ती रीतच. वाडवडिलांनी घर-जमीन पुरुष वारसाला बांधून ठेवलेली असायची, ती ना विकता यायची ना लेकीला देता यायची. मुलगा सज्ञान झाला की बाप-लेकांना मिळून ती मोकळी करता यायची; पण मोकळी करायची ती लगेच पुढच्या पुरुषाला बांधण्यासाठीच. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हातारे वकील विनवत होते, की निदान एखादं शेतघर तरी थोरल्या लेकीच्या, मिस विनिफ्रेडच्या नावावर ठेवा.

लॉर्डसाहेब हसले. "मुलीला घर तिचा नवरा देतो, वकीलसाहेब."

रॉडरिक युद्धात इटलीत मारला गेला. विनिफ्रेडला नवरा मिळाला नाही, आणि शोधायला सवड तरी कुठे होती? पाणथळ शेतांचे चर, मेंढ्या, कुळांची गळकी छपरं, सगळं तीच बघायची. वारस ठरला केनियात कॉफी पिकवणारा पुतण्या, ह्यूबर्ट. जमीन मोकळी करायला आता त्याचा होकार हवा होता. लॉर्डसाहेबांनी मान खाली घालून त्याला विचारलं. घराण्याची रीत मोडणं त्याच्या मनाला पटत नाही, असं त्याने कळवलं. मेल्याचं मन!

पुढे लॉर्डसाहेबांच्या घशात गाठ झाली. पाणीसुद्धा गिळवेना. त्यांनी खाणं सोडलं, भिंतीकडे तोंड केलं. आता मला जाऊ द्या, एवढंच म्हणायचे. एका दुपारी मी सूप घेऊन उभी होते. विनिफ्रेडने माझ्या हातून वाडगा घेतला. ती कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

"पपा, तुमचा श्वास चालू आहे तोवरच मला घर आहे. खा."

ते तिच्याकडे वळले. मग त्यांनी तोंड उघडलं.

तो अख्खा हिवाळा ते जगले. प्रत्येक चमच्याला डोळ्यांतून पाणी यायचं, रुमालावर रक्त पडायचं, तरी पुढच्या घासाला तोंड उघडायचेच. डॉक्टरांना नवल वाटायचं. मी सूप गाळताना लॉर्डसाहेबांना शिव्या घालायची आणि रडायची.

मार्चमध्ये एका सकाळी ते गेले. विनिफ्रेडने त्यांचे डोळे मिटले, हात मात्र सोडला नाही. आमचा बटलर हॉबडे दारात उभा होता. जन्मभर चाकरी केलेला, मनाने साधा माणूस. मालकाचा श्वास थांबला त्याच क्षणी मालक बदलला, हे त्याच्या अंगात मुरलेलं.

तो अदबीने म्हणाला, "मिस, लॉर्डसाहेबांना केनियाला तार करतो. तुम्ही इथे कधीपर्यंत राहणार, म्हणून कळवू?"

विनिफ्रेडने बापाचा हात हळूच पांघरुणावर ठेवला.

"यांना मातीत पुरेपर्यंत," ती म्हणाली. "तेवढी परवानगी मागा."